दादांनी पाणी मागितलं नव्हतं

चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दोन टोकं माझ्या हातात होती, दोन ह्यांच्या हातात, मध्ये दोरीवरून नुकतीच काढलेली ऊन ऊन चादर. पहिली घडी झाली होती. दुसरीसाठी मी टोकं घेऊन ह्यांच्याकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. दार नुसतं लोटलेलं होतं, ते उघडून जाऊबाई आत आल्या होत्या. ह्या घरात त्यांनी पाऊल टाकल्याला इतकी वर्षं झाली होती की मधल्या काळात दाराला दिलेला नवा रंगसुद्धा उडून गेला होता.

ह्यांची पाठ दाराकडे होती. मागे न वळताच माझ्या तोंडाकडे पाहून ह्यांनी विचारलं, "कोण, वहिनी?"

माझ्या चेहऱ्यावर कुणाचं नाव कसं उमटतं ते मला आजवर कळलेलं नाही. ह्यांना ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नाही, भांडं पडलं तर दचकतात. पण माणसाचं बोलणं ह्यांच्या कानात शिरत नाही, ते डोळ्यांतून शिरतं.

जाऊबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, भावजींना माझ्याबरोबर पाठव. आमच्या ह्यांचं घशाचं ऑपरेशन झालंय. गळ्याला भोक पाडून नळी घातलीय. आवाज गेला, कायमचा गेला. लिहून सांगा म्हणावं तर अक्षर येत नाही. दिवसभर तोंड हलवतात आणि आम्हाला ओ की ठो कळत नाही. मग चिडतात, नळी ओढायला बघतात. नर्सनं दोन्ही हात खाटेला बांधून ठेवलेत."

मी चादर हातात धरून तशीच उभी.

"बघतेस काय? मुक्याचं ऐकायला बहिऱ्याला न्यायला आलेय. हसायचं असेल तर हसून घे एकदा."

कुणी हसलं नाही. ह्यांनी आपल्याकडची टोकं माझ्या हातात दिली, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि चपला शोधायला लागले.

हा माणूस कसा, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मिसरूड फुटायच्या आत हे कापडाच्या कारखान्यात लागले. लावलं थोरल्या भावानं. हे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. एका छपराखाली शेकडो माग, प्रत्येक मागावर दोरा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत जाणार आणि परत येणार. तिथं ओरडून उपयोग नसतो, आपला आवाज आपल्यालाच येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज घरी ठेवून जायची. तोंड मोठं उघडून, ओठ ताणून, नुसता आकार करून बोलायची आणि जोडीला हात. दोरा तुटला, साहेब आला, चहा आला, ह्या सगळ्याला खुणा होत्या. अख्खी कुटाळकी चालायची, लग्नं जमायची, भांडणं व्हायची, आणि त्यातला एकही शब्द ऐकू यायचा नाही.

ओठ वाचायला ह्यांना दादांनी शिकवलं. त्यात एक मोठी अडचण असते, ती मला ह्यांनीच सांगितली. प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. "मामा" म्हणा, "बाबा" म्हणा, बघणाऱ्याला एकच. एकदा म्हणे एका पोराला कुणीतरी सांगितलं, "फाटकावर मामा आलाय." त्यानं बाबा वाचलं आणि तोंडातली सिगारेट गिळायचीच काय ती बाकी ठेवली. तेव्हापासून म असला की नाकाला बोट लावायचं अशी रीत पडली, कारण म नाकातून येतो. नवीन माणसाला दादा आधी ही खूण शिकवायचे, मागाला हात नंतर.

कान केव्हा गेले ते कुणालाच कळलं नाही, ह्यांनाही नाही. ओठ इतके सरावाचे झाले होते की कानांची आठवणच झाली नाही. लग्नानंतर पहिले काही दिवस मला वाटायचं, हा माणूस मला वेडावून दाखवतो. समोर उभं राहायचं, एवढं मोठं तोंड करून "चहा" म्हणायचं, आणि आवाज नाहीच! मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "थोरलाही असाच. दोघं जेवायला बसले की मला वाटतं काचेच्या पेटीतले मासे बघतेय."

पुढे मुलीनं हौसेनं कानातलं यंत्र आणलं. ह्यांनी थोडे दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. म्हणाले, "ह्यातून माणूस येत नाही, सगळी खोली येते."

मी देवासमोर बसून ओठांतल्या ओठांत पुटपुटते, तेही ह्यांना कळतं. एकदा मी हात जोडून उठले तर हे म्हणाले, "गुडघ्यांचं सांगितलंस, माझ्या रागाचं सांगितलंस, पोरीचं राहिलं की!" तेव्हापासून ह्यांची गाऱ्हाणी देवाला सांगताना मी तोंडावर हात धरते.

पण एक गोष्ट मात्र मी देवाचे उपकार म्हणून मानत आले. डोळ्यांना दिसलेलं बोलणं तोंडानं पुढे न्यायचं नाही, असा ह्यांचा नेम होता. विचार करा, रस्त्याच्या पलीकडे दोघं कुजबुजत असली तरी ह्यांना ती कळणार. बँकेच्या काचेआडचा माणूस काय म्हणतो, समोरच्या गच्चीतली बाई फोनवर कुणाच्या नावानं रडते, सगळं ह्यांना कळणार. अशा वेळी हे मान वळवायचे. मान वळवण्याआधी जे दिसलं ते गिळून टाकायचे. अर्ध्या गल्लीची गुपितं ह्यांच्या पोटात होती आणि मला, सख्ख्या बायकोला, त्यातलं एकही कधी मिळालं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणायचे, "ते मला सांगितलेलं नव्हतं. मग ते तुला कसं देऊ?"

ह्या नेमानंच घात केला.

दादांना एकुलता एक मुलगा. एका जागी बसणं त्याला माहीतच नव्हतं, म्हणून सगळे त्याला भिंगऱ्या म्हणायचे. त्याला दादांनी कारखान्यात लावलं. ते त्याच्या मनात नव्हतं, पण बापापुढे बोलायची हिंमत नव्हती. एक दिवस मागांच्या पार दुसऱ्या टोकाला उभा राहून त्यानं मित्राला सांगितलं की मी जाणार, दूर जाणार, घरी सांगणार नाही, सांगितलं तर आई रडेल आणि माझा पाय निघणार नाही. हे ह्यांच्या डोळ्यांना दिसलं. ह्यांनी मान वळवली.

तो आठवडा संपायच्या आत भिंगऱ्या गेला. पुढच्या वर्षी त्याची बातमीच आली. परक्या ठिकाणी, कामगारांच्या खोलीत, तापानं गेला. बरोबरच्यांना वाटलं होतं साधा ताप आहे, उतरेल.

माणसं भेटायला येत होती, त्यांत तो मित्रही आला. बोलण्याच्या ओघात म्हणाला, "काकांना माहीत होतं. ते आमच्याकडे बघत होते."

दादांनी ह्यांच्याकडे तोंड केलं. आवाज न करता, कारखान्यात विचारायचे तसं विचारलं, "तुला माहीत होतं?"

हे म्हणाले, "दिसलं होतं."

"दिसलं होतं!" आता दादा मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दिसलं होतं म्हणे! आंधळा असतास तर बरं झालं असतं."

त्यानंतर दोघं भाऊ एकाच वाटेच्या दोन बाजूंच्या मागांवर वर्षानुवर्षं उभे राहिले. एकमेकांच्या समोर, आणि दोघांचीही तोंडं मिटलेली. माझ्या मनात यायचं, बाकीच्यांची भांडणं तरी बरी. ती न बोलता शेजारी बसू शकतात, कानावर तरी काहीबाही पडत राहतं. ह्या दोघांचं तसं नव्हतं. एकानं दुसऱ्याकडे बघायचं सोडलं की सगळंच सुटलं.

कारखाना बंद पडायच्या आधी कंपनीनं एक बाई बोलावल्या होत्या, कामगारांना संवाद म्हणजे काय ते शिकवायला. जेवणाच्या खोलीत फळा लावला. बाईंनी दोन डोकी काढली, एकाकडून दुसऱ्याकडे बाण काढला, मध्ये वेड्यावाकड्या रेघा मारून लिहिलं, अडथळा. पलीकडे माग चालूच होते, त्यामुळे मागच्या लोकांना काही पोचलं नाही. ओठ वाचणारे तेवढे उठून पुढे जाऊन बसले. हे घरी आले ते खूश होऊन.

"बाई हुशार होत्या," म्हणाले. "सगळे एक बाण काढतात, त्यांनी उलटा बाणही काढला. म्हणाल्या, सांगून भागत नाही, पोच आली पाहिजे. पोच आली नाही तर सांगितलंच नाही असं धरायचं."

झालं, तेव्हापासून आमच्या घरात पोच सुरू झाली. मी म्हणायचं, मीठ संपलंय. हे म्हणणार, "पोच."

"तुमच्या सदऱ्याची शिवण उसवलीय."

"पोच."

"मग बदला की!"

"ते निराळं. पोच म्हणजे कळलं. करीन असं नाही."

त्या शिकवणीच्या दिवशी मात्र हात धुताना हे थांबले होते. म्हणाले, "बाईंनी आणखी एक सांगितलं. गप्प बसलं तरी समोरच्याला काहीतरी पोचतंच." मग नळ पुन्हा सोडला. पुढचं बोलले असतील तर ते माझ्याकडे पाठ करून.

असे हे दोघे भाऊ. आणि आता एक खाटेवर बांधलेला, एक खाटेशेजारी उभा.

दवाखान्यात खाट खिडकीखाली होती. भिंतीला कमरेइतका हिरवट रंग, वर पांढरा, खाटेच्या दांड्याला पाटी, पायाशी बादली. दादांच्या मनगटांना मऊ कापडाच्या पट्ट्या बांधून खाटेच्या कडेला अडकवल्या होत्या. कवळी काढून ठेवलेली, त्यामुळे तोंड आत गेलेलं. ह्यांना बघताच त्यांनी हलणारे ओठ मिटले. बऱ्याच वेळानं ओठ उघडले, थोडेसे हलले.

"काय म्हणतात?" जाऊबाईंनी विचारलं.

हे म्हणाले, "विचारतात, तू कशाला आलास."

"मी आणलं म्हणून आला!" जाऊबाई दादांवर ओरडल्या. "आता मुकाट्यानं सांगा काय हवंय ते."

ओठ पुन्हा हलले. ह्यांनी नर्सबाईंकडे बघून सांगितलं, "लघवीला लागलीय. मघापासून तेच सांगतायत."

इतक्या वर्षांनी भावाभावात बोलणं झालं ते असं.

मग रोज दुपारी भेटीच्या वेळेला आम्ही जायचो. दादा बोलायचे आणि हे सांगायचे, जसंच्या तसं, वर नाही खाली नाही. उशी उंच करा. पंखा सोसत नाही. पलीकडच्या खाटेवरचा सारखा माझ्याकडे बघतो, त्याला कुशीवर वळवा. एकदा दादा बराच वेळ बोलले आणि हे घुटमळले. जाऊबाई म्हणाल्या, "सांगा की भावजी! मला काय ते नवे आहेत?"

"म्हणतात, नळीतून जेवण देतात तेच बरं. तुझ्या हातची चव तरी टळली."

जाऊबाई पोट धरून हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि तो कितीतरी वेळ काढलाच नाही. नर्सबाई ह्यांना म्हणाल्या, "काका, तुम्ही रोज येत जा हो. तुम्ही आल्यापासून ह्यांनी नळी ओढली नाही." पट्ट्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. रात्री झोपेत हात जातो म्हणाल्या.

भिंगऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. दोघांच्या मध्ये जे होतं ते सोडून बाकी सगळं बोलून झालं. मी रोज देवाला सांगायची, तोंडावर हात न धरता सांगायची, की देवा, ह्या दोघांना एकदा बोलू दे. ह्यांना ते दिसत असणार. हे काही म्हणायचे नाहीत.

मग दादांना ताप भरला. डॉक्टरांनी जाऊबाईंना बाहेर बोलावून काय सांगायचं ते सांगितलं. त्या आत आल्या आणि काहीच झालं नाही अशा थाटात ओल्या फडक्यानं दादांचं तोंड पुसायला लागल्या. हे पायथ्याशी उभे होते. दादांनी ह्यांच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली तेव्हा फडकं ओठांवर होतं. जाऊबाईंनी ते उचललं तोवर पहिला शब्द होऊन गेला होता. उरलेलं काय ते दिसलं. दादा थांबले आणि ह्यांच्याकडे बघत राहिले.

"काय म्हणाले?" जाऊबाईंनी विचारलं.

हे भिंतीकडे बघून म्हणाले, "पाणी मागतात."

तोंडानं पाणी द्यायला मनाई होती. कापूस ओला करून ओठ भिजवायचे एवढीच मुभा. जाऊबाईंनी लगबगीनं कापूस भिजवला. दादांनी ओठ भिजवू दिले, पण त्यांची नजर ह्यांच्यावरून हलली नाही. त्यांचेही कान मागांनी खाल्लेले, पण ह्यांच्या तोंडावरचं "पाणी" त्यांनी वाचलं होतं. मग डोळे मिटले. त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.

आम्ही घरी आलो. मी स्वयंपाकाला लागले तर हे समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "कानांवर हात ठेव. घट्ट. आणि माझ्या तोंडाकडे बघ."

मी ठेवले. ह्यांनी ओठ आत ओढून, दात नसल्यासारखं तोंड करून काहीतरी म्हटलं. मग थांबून पुन्हा म्हटलं.

"काय म्हणालो?"

"दोन्ही वेळा तेच म्हणालात की. माफ केलं."

"एकदा माफ केलं म्हणालो. एकदा पाप केलं म्हणालो."

मी हात खाली घेतले. हे म्हणाले, "तू देवाची माणूस, तुला माफच दिसणार. मला काय दिसलं असेल?"

मी पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. म आणि प ओठांवर एकच. कवळी नसली की फ आणि पही एकच. तुला होता की तू, तो पहिला शब्द फडक्याखाली गेला. आणि म सांगायला नाकाकडे जाणारं बोट खाटेला बांधलेलं.

"अहो, मग तेव्हाच विचारायचं ना!"

"सगळ्यांसमोर? आणि पाप निघालं असतं तर? वहिनींनी विचारलं असतं, काय म्हणाले. ते मी माझ्या तोंडानं सांगायचं?"

"आणि माफ असेल तर?"

हे खाली बसले, जमिनीवरच. "माफ असेल तर त्यानं एवढ्या वर्षांनी मला माफ केलं, आणि मी त्याला काय पोच दिली? पाणी."

मी देवाचं नाव घेऊन म्हटलं, "तिसरंही असेल. मी पाप केलं, असं स्वतःबद्दल म्हणाले असतील. तुम्हाला आंधळा असतास तर बरं म्हणाले ना, त्याबद्दल." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे ह्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पण त्यानं सुटका झाली नाही. होतं त्यात आणखी एक वाढलं एवढंच.

मी म्हटलं, "उद्या विचारा. लाजू नका, घाबरू नका. मला कळलं नाही म्हणा, पुन्हा सांग म्हणा. कळलं नाही म्हणायला काय जातं?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नर्सबाईंच्या विनवण्या करून दादांचा उजवा हात सोडवून घेतला. खाटेवर वाकून, मोठं तोंड करून, आवाजही काढून विचारलं, "दादा, काल काय म्हणालास? मला कळलं नाही. पाणी मी खोटं सांगितलं. परत सांग."

दादांचे डोळे उघडे होते. हात सुजला होता. तो चादरीवर तसाच पडून राहिला. उचलता येत नव्हता की उचलायचा नव्हता, हे मी सांगू शकत नाही आणि हेही सांगू शकत नाहीत. ह्यांनी पुन्हा विचारलं. दादांनी सावकाश मान फिरवली आणि तोंड भिंतीकडे केलं. ताप होता, ग्लानी होती, खिडकीतून ऊन डोळ्यांवर येत होतं. मी ही सगळी कारणं ह्यांना सांगितली. ह्यांनी मान हलवली. पण भिंतीकडे तोंड केलं की आमच्या घरात त्याचा अर्थ एकच होतो.

आम्ही पुन्हा जायच्या आत दादा गेले.

भेटायला माणसं यायची. जाऊबाई प्रत्येकाला तेच सांगायच्या, शेवटी पाणी मागितलं हो, आणि ते भावजींनी ओळखलं. भावजी नसते तर माझा माणूस तहानलेलाच गेला असता. सांगताना त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. एवढंच एक त्यांच्या हाताला लागलं होतं. आपण शेवटी काहीतरी दिलं आणि ते त्यांना हवं होतं.

हे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. पण खोलीचं टोक ह्यांना काय करणार? जाऊबाईंनी नव्या माणसाला सांगायला सुरुवात केली की ह्यांना ते दिसायचं, पाणी, भावजी, तहानलेला. मग ह्यांनी जागा बदलली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसायला लागले. लोकांना वाटलं, भावाचं दुःख. कुणीतरी मला म्हणालंही, "फार जीव होता हो दोघांचा."

मी ह्यांना म्हटलं, "राहू द्या आता. त्या माउलीला तेवढं तरी असू द्या. देव समजून घेईल."

"देवाला कळलं, वहिनींना कुठे कळलंय?" हे म्हणाले. "मागं मला एक दिसलं होतं, मी बोललो नाही, तेव्हा त्यांचा मुलगा गेला. आता त्यांच्या माणसाचं शेवटचं बोलणं माझ्याजवळ पडलंय. ते त्यांचं आहे. अर्धवट का होईना, त्यांचं आहे."

"पण त्या काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांचंही बाकी आहेच की माझ्याशी बोलायचं. आजवर दादानं तेवढं बोलून घेतलं. त्या कुठे बोलल्या?"

ते मात्र खरं. भिंगऱ्या गेला तेव्हा जाऊबाई ह्यांना काहीच म्हणाल्या नव्हत्या. नुसतं येणं बंद केलं होतं.

माणसांची ये-जा थांबल्यावर, काल तिन्हीसांजेला, हे एकटेच त्यांच्याकडे गेले आणि थोड्याच वेळात परत आले. चपला काढून आत आले ते थेट माझ्यासमोर बसले.

"सांगितलं?"

"सांगितलं. म्हटलं, वहिनी, दादांनी पाणी मागितलं नव्हतं. माफ केलं म्हणाले किंवा पाप केलं म्हणाले, मला नीट दिसलं नाही. मी घाबरलो आणि पाणी म्हणालो. सगळं सांगितलं."

"मग? त्या काय म्हणाल्या?"

हे म्हणाले, "खोलीतला बल्ब गेलाय. त्यांनी बदललाच नाहीये, तशाच अंधारात बसून असतात. मी सांगितलं आणि त्या बोलल्या. बराच वेळ बोलल्या. हात हलत होता तो दिसत होता. तोंड दिसत नव्हतं."

"अहो, मग म्हणायचं ना, दिसत नाही म्हणून!"

"म्हणालो. पुन्हा बोलल्या. रडत होत्या की रागावल्या होत्या तेही कळलं नाही. मग उठून मोरीत गेल्या, म्हणून मी आलो."

मी म्हटलं, "मी जाऊन विचारून येते."

"नको. तू येऊन मला सांगशील, आणि तू चांगलंच सांगशील. मला त्यांच्याच तोंडावर बघायचंय. जे काय असेल ते."

आज सकाळी उठल्यापासून ह्यांनी दुसरं काही काढलेलं नाही. अंघोळ झाली, चहा अर्धा तसाच राहिला. मी देवाजवळ दिवा लावला आणि तोंडावर हात धरून जे मागायचं ते मागितलं. हे दारात चपला घालून उभे आहेत, दुकान उघडायची वाट बघत. कोपऱ्यावरच्या दुकानातून बल्ब घ्यायचा आहे, आणि तो लावायला जाऊबाईंकडे जायचं आहे.